पोपटाचा कोरा कप्पा

१

पडद्यावर आवाजाचा कप्पा उघडला आणि इनेसचा हात माउसवरच थांबला. कप्पा कोरा होता. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत एक शब्द नाही, लाटेची खळखळ नाही, साधी खरखरसुद्धा नाही.

"लाव ना," मबरूक म्हणाला. पडद्यावरचं त्याला काही कळत नव्हतं. केरकेन्ना बेटावरचा हा म्हातारा कोळी सकाळच्या बोटीने, पेटी मांडीवर घेऊन, स्फाक्सला आला होता. टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवून तो कान पुढे करून बसला होता. "जरा मोठ्याने लाव पोरी. उजव्या कानाने मला कमी येतं."

"काका," इनेस म्हणाली, "यात काही नाहीये."

मासेमारीच्या होड्यांवर बसवायची ती पेटी होती. होडीवरचं शेवटच्या काही तासांचं बोलणं ती साठवून ठेवायची, आणि संकटात बटण दाबलं की किनाऱ्याला हाक पाठवायची. कोळी तिला पोपट म्हणत. ती याच कारखान्यात तयार झाली होती, आणि तिच्या आतला प्रोग्रॅम लिहिला होता मबरूकच्या मुलाने, शाकेरने. सुट्टीला घरी गेलेला शाकेर बापाची होडी घेऊन चुलतभाऊ लुत्फीबरोबर समुद्रावर गेला आणि वादळात होडी उलटली. लुत्फी एका तरंगत्या खोक्याला धरून वाचला. पुढे होडी सापडली, पोपटही सापडला. शाकेर मात्र सापडला नाही.

"खारं पाणी शिरलं असेल, हाज," कारखान्याचा मालक फौझी घाम पुसत म्हणाला. "पाण्यापुढे कोणाचं काय चालतं?" मबरूकसारख्या वडीलधाऱ्यांना सगळे हाजच म्हणत.

तेवढ्यात दाराशी उभा असलेला लुत्फी पुटपुटला, "बरं झालं."

हळूच म्हणाला, पण खोली लहान होती. मबरूक उठला, पुतण्यासमोर गेला आणि त्याच्या पायाशी थुंकला.

"पंप जुना होता," तो सगळ्यांकडे पाहत म्हणाला. "सगळ्या बेटाला ठाऊक आहे. बदला, बदला म्हणून शाकेर माझ्या मागे लागला होता आणि मी म्हणत होतो, चालतोय की अजून. मरताना त्याने मला शिव्या घातल्या असतील तर त्या मला ऐकायच्या होत्या. त्याने मला दोष दिला की नाही, एवढंच हवं होतं. तेवढंच कोणीतरी पुसलं."

मग तो कोपऱ्यात बसलेल्या माणसाकडे वळला. मुन्सिफ कम्मून. शाकेर आणि इनेस दोघांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेले निवृत्त शिक्षक. मालकावर भरवसा नाही, आपल्या बाजूने वाचणारं कोणीतरी हवं, म्हणून मबरूकने त्यांना बोलावून घेतलं होतं. आपण या कामाचे नाही, असं मुन्सिफना वाटेतच दोनदा वाटून गेलं होतं.

"मास्तर," मबरूक म्हणाला, "कोणी पुसलं ते शोधा. तुम्ही सांगाल ते मी मानेन."

नाही म्हणायला मुन्सिफनी तोंड उघडलं, आणि म्हणाले, "बघतो."

२

फौझीने स्वतःच विषय काढला, तोही मुन्सिफना आदराने 'सी' लावून. "तुम्हाला मीच वाटत असेन, सी मुन्सिफ. वाटणारच. किनाऱ्यावर हाक पोचलीच नाही. होडीवर कोणी ओरडत असेल की बटण चालत नाही, आणि ते बाहेर आलं असतं, तर उद्या या दाराला कुलूप."

"मग?"

"मग काय? पुसायचं मनात आलं होतं. हाजचा फोन आला तेव्हाच आलं. म्हणून तर म्हटलं, चालू करू नका, आहे तशी घेऊन या. पण पेटीला माझा हात लागलाच नाही. त्यांच्या मांडीवरून उतरली ती थेट इनेसच्या टेबलावर."

"आणि इनेसने पुसलं असेल तर?"

"सर," इनेस पाठीमागून म्हणाली, "मी इथेच आहे."

मुन्सिफ ओशाळले. तिने रागावता रागावता खुर्ची ओढून दिली. "बसा आणि बघा. ही मेमरी उलट्या स्वभावाची, तुम्हीच शिकवलंय. पुसली की घराघरात एक होतो, शून्य नाही. पण आमच्या कारखान्यात पेटी पुसायची तर पुसून वर शून्यं भरायची. कधी न वापरलेली कोणती आणि आम्ही पुसलेली कोणती, ते ओळखू यावं म्हणून. शाकेरची शिस्त. त्याच्याशिवाय आमचं यंत्र पुढे सरकतच नाही. आता इथे काय दिसतंय?"

मुन्सिफनी चष्मा वर केला. सगळीकडे एक. एकही शून्य नाही.

"म्हणजे कारखान्याने पुसलं नाही," ते हळू म्हणाले. "आणि पाण्यानेही नाही. पाणी इतकं नीटनेटकं काम करत नाही."

"पेटीने स्वतःच पुसलंय. बूटलोडरने."

बूटलोडर म्हणजे पेटी जागी होताच सगळ्यांत आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम. डोळे उघडल्यावर पहिलं काय करायचं ते तो ठरवतो. शाकेरला तो का लिहावा लागला, ते इनेसने सांगितलं. मासे कुठे लागतात ती जागा कोळी सख्ख्या भावाला सांगत नाही, आणि पोपट तर सगळंच ऐकतो. होडी विकताना पुसायची सोय हवी, नाहीतर पेटीच नको, असं बेटावरच्यांनी बजावलं होतं. एकाने पुसायला घेतलं आणि अर्ध्यात बॅटरी संपली. विकत घेणाऱ्याने उरलेलं अर्धं ऐकलं, दुसऱ्या दिवशी ऑक्टोपसच्या जागेवर हजर झाला, आणि धक्क्यावर डोकी फुटली.

"तेव्हापासून शाकेर म्हणायचा, अर्धं पुसलं म्हणजे पुसलंच नाही. मग त्याने असं केलं की पेटी आधी खूण करते, पुसायचं आहे. मग एकेक घर पुसते, परत वाचून खात्री करते. सगळं झालं की शेवटी दुसरी खूण, पुसून झालं. मध्येच वीज गेली तर पुन्हा जाग आल्यावर पहिली खूण दिसते, दुसरी दिसत नाही. मग ती कोणाला विचारत नाही. राहिलेलं काम पुरं करते."

"परत आणता येईल?"

इनेसने नुसती नकाराची मान हलवली.

"पुसायचं बटण कोणतं?"

"हाकेचंच. साधं दाबलं तर हाक. दाबून धरलेलं असताना पेटी चालू झाली तर पुसणं. प्रत्येक बटणाला एक भोक आणि प्रत्येक भोकातून पाणी, म्हणून शाकेर म्हणाला, एकच ठेवू."

"आणि ती पहिली खूण? तिच्यावर वेळ असेल."

इनेसने ती उघडली. वादळाच्या संध्याकाळची वेळ होती. किनारा दूर, आजूबाजूला पाणी, आणि होडीवर दोन माणसं. त्यातलं आता एकच जिवंत होतं.

३

लुत्फी धक्क्यावरच्या चहाच्या टपरीत बोटीची वाट पाहत बसला होता. समोरचा ग्लास तसाच होता, वरचे बदाम चहात बुडून गेले होते.

"मीच पुसलं," मुन्सिफ बसायच्या आत तो म्हणाला. "काकांना सांगून टाका. मी उद्याच बेट सोडतोय. समुद्रापलीकडच्या देशात चोरून नेणारी होडी मिळाली की गेलो."

"कसं पुसलंस?"

"बटण दाबून."

"पेटी आधी बंद केलीस?"

"नाही." लुत्फीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे, हो. केली."

आयुष्यभर तोंडी परीक्षा घेतलेल्या माणसाला हे उत्तर पुरेसं होतं. मुन्सिफ गप्प बसून राहिले. मुलं खोटं बोलायची तेव्हाही ते असेच बसायचे, आणि बहुतेक वेळा त्यांनाच जास्त लाज वाटायची.

"शाकेर खाली होता," शेवटी लुत्फी म्हणाला. "पंप बंद पडला होता आणि तो बादलीने पाणी काढत होता. ओरडला, 'पोपटाचं बटण दाब, सोडू नकोस.' मी दाबलं. दिवे जात होते, येत होते, पुन्हा जात होते. मी बोट काढलं नाही. पाणी छातीशी आलं तरी काढलं नाही, सी मुन्सिफ. त्याने सांगितलं होतं ना."

मुन्सिफनी डोळे मिटले. हाक सुटायच्या आत वीज जाते, येते. दर वेळी पेटी नव्याने जागी होते आणि दर वेळी बटणावर बोट. शाकेर खाली, त्याला दिव्यांचं काय दिसणार? तो समजत होता की हाक जातेय. पेटीला वाटत होतं, मालक होडी विकतोय.

त्यांनी ते लुत्फीला सांगितलं. जमेल तितक्या हळू सांगितलं. लुत्फी ऐकत राहिला, मग उजव्या हाताचा अंगठा दुसऱ्या मुठीत धरून बसला.

"म्हणजे खरंच मीच," तो म्हणाला.

"तू हाक मारत होतास. पण मला एक कळत नाही. तू 'बरं झालं' का म्हणालास?"

लुत्फीने ग्लास बाजूला सारला. "शेवटी तो वर आला. पायरीवर एक पाय होता. म्हणाला, 'पंप बदला म्हणून किती वेळा सांगितलं. मारलं मला बाबांनी.' मग लाट आली. हे पोपटात होतं. हे काकांनी ऐकायचं, तेही त्याच्याच आवाजात? त्यापेक्षा मी पुसलं म्हणू दे. माझ्यावर राग धरून ते जगतील."

मुन्सिफनी विचारलं, "दिवे शेवटचे गेले, ते परत आले?"

"कुठले येतात? लगेच उलटलो."

पूर्ण कप्पा पुसून, वाचून बघायला पेटीला काही मिनिटं लागत. इतका वेळ त्या होडीवर वीज नव्हती. लुत्फीच्या अंगठ्याने काम सुरू झालं होतं, संपलं नव्हतं. समुद्रातून निघाली तेव्हा पेटीत बरंच काही शिल्लक होतं. कदाचित ते शेवटचं वाक्यही.

मग ते कोणी संपवलं?

४

इनेस घरी निघाली होती. तिने पर्स परत खुंटीला लावली.

"जागं झाल्याच्या खुणाही पेटी ठेवते ना?" मुन्सिफनी विचारलं. "सगळ्या दाखव."

वादळाच्या संध्याकाळच्या एकापाठोपाठ एक खुणा होत्या, अडखळत घेतलेल्या श्वासांसारख्या. त्यानंतर दोनच. त्या दोन्हींवर वेळेच्या जागी शून्यं होती. घड्याळाचा सेल खाऱ्या पाण्याने मेला होता.

"यातली शेवटची मी, आज सकाळची," इनेस म्हणाली. "तिच्या आधीची माझी नाही. आणि 'पुसून झालं' ही खूण त्या आधीच्या खुणेच्याच पोटात आहे." ती थांबली. "समुद्रानंतर आणि माझ्या आधी कोणीतरी हिला जागं केलंय."

मुन्सिफनी पेटी उचलून दिव्याखाली धरली. विजेच्या तारा जोडायच्या दोन्ही पितळी खुंट्यांवर हिरवट खार चढला होता. त्या खारात दोन्ही बाजूंना बारीक दातांचे चावे होते आणि चाव्यांत पितळ लख्ख चमकत होतं. ताजं.

"तुम्ही चिमटे लावता का गं? गाडीच्या बॅटरीला लावतात तसले?"

"चिमटे? शाकेर हात तोडेल," इनेस म्हणाली, आणि तिच्याच लक्षात आलं. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मुन्सिफ खुंट्यांकडे बघत राहिले. होडी सापडल्यावर पेटी एकाच घरी गेली होती. तिथून ती एकाच माणसाच्या मांडीवर बसून आली होती. आपलं चुकतंय, असं त्यांना आयुष्यात शेकडो वेळा वाटलं होतं. आज पहिल्यांदा ते तशी प्रार्थना करत होते.

५

सकाळच्या बोटीवर कठड्याशी लुत्फी भेटला. काल बोट चुकली, पिशवी आणायला चाललोय, म्हणाला. मुन्सिफनी त्याला चिमट्यांचं सांगितलं.

"काकांनी?" त्याने एवढंच म्हटलं. किनारा दिसू लागेपर्यंत तो कठड्यावरचा रंग नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, सांगू नका. तुम्हाला शोधायचं होतं, शोधलंत. आता मी पुसलं म्हणा. अर्धं तर खरंच आहे."

"मला खोटं जमत नाही रे."

"मग जमवा. इतकी पुस्तकं वाचलीत."

घराच्या अंगणात दोरीवर ऑक्टोपस वाळत होते. शाकेरची आई झोहरा यांनी चहा आणून ठेवला आणि काही न विचारता स्वयंपाकघरात गेल्या. लुत्फी कुंपणाबाहेरच थांबला. मबरूक चटईवर बसला होता.

"कोणी?" त्याने विचारलं.

"पाणी होतं," मुन्सिफ म्हणाले. "आत खार गेला आणि... काही घरं..."

"मास्तर, वारा फिरायच्या आधी मला कळतं. तुमचं तोंड तर वाऱ्याहून सोपं आहे."

मुन्सिफनी चहाचा ग्लास उचलला आणि परत ठेवला. "हाज, तुम्ही पेटी घरी चालू केली होती?"

मबरूकने नजर वळवली. "मालक म्हणाला होता, नको. पण शाकेर करायचा ते मी बघितलं होतं. गाडीची बॅटरी काढली, चिमटे लावले. मांडीवर घेतली होती. लाल दिवा लागला. भराभर उघडझाप करत होता, बराच वेळ. झोहराला हाक मारली, म्हटलं, बघ, याच्यात जीव आहे. मग हिरवा झाला." त्याने मान वर केली. "बोलेल म्हणून वाट बघत बसलो आम्ही."

मुन्सिफनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तो लाल दिवा," मबरूक म्हणाला. "तेव्हा तो आत होता?"

"हो."

"आणि हिरवा झाला तेव्हा?"

"नाही."

मग मुन्सिफनी सगळं सांगितलं. कोळ्यांचा हट्ट, काम अर्धं न सोडणारी पेटी, एकच बटण, येणारे-जाणारे दिवे, लुत्फीचा अंगठा. "पुसायचं कोणाच्याच मनात नव्हतं, हाज. तो हाक मारत होता. तुम्ही त्याला ऐकायला गेलात. पेटीने त्याचंच सांगितलेलं काम केलं."

"माझ्या मांडीवर," मबरूक म्हणाला. त्याने आपले दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवले, जणू तिथे अजून काही वजन होतं. "आणि हे लुत्फीला ठाऊक होतं?"

"सकाळी बोटीवर कळलं. मी पुसलं म्हणून सांगा, म्हणाला."

"मी त्याच्या पायाशी थुंकलो." म्हातारा चटईवरून उठला. उठायला त्याला भिंत धरावी लागली. कुंपणापर्यंत जाऊन तो थांबला. "आत ये रे," त्याने हाक दिली. "बाहेर काय उभा राहतोस, पाहुणा आहेस?"

६

तिघं बसले. कोणी चहा घेतला नाही.

"मी गाढव," मबरूक म्हणाला. "पेटी बोलेल म्हणून बसलो, आणि तू समोर होतास तर तुला एका शब्दाने विचारलं नाही. आता सांग. काय म्हणाला?"

"म्हणाला, बटण दाब, सोडू नकोस."

"आणखी?"

"आणखी काही नाही, काका."

"पंपाचं?"

लुत्फीने चटईची एक काडी ओढली. "पंपाचं नाव नाही काढलं."

मबरूकने त्याच्याकडे रोखून पाहिलं. कोळ्याची नजर होती ती, पाण्याखालचा दगड शोधणारी. मग तीच नजर मुन्सिफकडे वळली. "मास्तर, तुम्ही सांगाल ते मानेन, म्हटलं होतं मी. याने तुम्हाला काय सांगितलं? पंपाचं काही म्हणाला माझा मुलगा? मला दोष दिला?"

मुन्सिफनी चाळीस वर्षं मुलांना एकच गोष्ट शिकवली होती. जे वाचलं तेच लिहा, स्वतःच्या मनचं घालू नका. या माणसाने तर शिव्यासुद्धा मागितल्या होत्या, त्या त्याच्या हक्काच्या होत्या. बोटीवरून परत जाताना आपण स्वतःला काय म्हणू, ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "बटण दाब, सोडू नकोस. एवढंच."

आवाज कापला नाही. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मबरूकने मान डोलावली. त्याने मानलं की मानायचं ठरवलं, ते मुन्सिफना कधीच कळलं नाही.

"शिव्या तरी दिल्या असतील," शेवटी तो म्हणाला. "शिव्या दिल्याशिवाय त्याने कधी दोरसुद्धा ओढला नाही. कोणाला दिल्या?"

"मला," लुत्फी म्हणाला. "भरपूर."

"कोणत्या?"

लुत्फीने एकदा दोघांकडे पाहिलं. मग त्याने मान किंचित तिरकी केली, ओठ एका बाजूला नेले, आणि बोलला तेव्हा आवाज त्याचा नव्हता. शहरात राहून जरा पातळ झालेला, शब्दाचं शेपूट उडवणारा, घाईचा आवाज. "अरे वाळक्या ऑक्टोपसा, बघतोस काय, बादली दे इकडे."

मबरूकच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि मध्येच मोडलं. "पुढे," तो म्हणाला.

"तुझ्यापेक्षा तर आमच्या कारखान्यातला पंखा जास्त काम करतो."

"पुढे."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. झोहरा दारात आल्या. कोपरापर्यंत हात पिठाने भरलेले होते, चौकटीला ते लागू नयेत म्हणून त्यांनी हवेत धरले होते. लुत्फीने त्यांना पाहिलं आणि तो थांबला.

"थांबू नकोस," झोहरा म्हणाल्या.